चॅरिटी बॉल झाला, आता ६१ चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत. फोन कसे करू?

टिळकनगरची | १७ फेब्रुवारी २०२५, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतीये, लांबलं तर सांभाळून घ्या. मी इंदूरची, बीबीएच्या शेवटच्या वर्षाला, जानेवारीपासून एका इव्हेंट कंपनीत इंटर्न आहे. परवा शनिवारी, १५ तारखेला, आमच्या कंपनीने एका संस्थेसाठी चॅरिटी बॉल केला. संस्था थॅलेसेमियाच्या, म्हणजे सारखं रक्त चढवावं लागणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, मुलांसाठी काम करते. बॉल म्हणजे काय हे आजीला सांगताना मी म्हणाले की पूर्वी संस्थेच्या मदतीसाठी नाटक लावायचे ना तसंच, फक्त नाटकाच्या जागी बँड, जेवण आणि नाच. तिने लगेच विचारलं, मग पैसे कोणी मोजले?

माझं काम आधी पाहुण्यांची यादी, टेबलांचे नंबर आणि दारावर हाताला पट्ट्या बांधणं एवढंच होतं. पण शुक्रवारी रात्री चार व्हॉलंटियर परीक्षेमुळे गळाल्या आणि सर म्हणाले तू देणगीच्या वेळी चिठ्ठ्या गोळा कर. ते असं असतं की निवेदक स्टेजवरून रक्कम पुकारतो, ज्याला द्यायचीये तो आपला नंबरचा फलक वर करतो आणि आम्ही धावत जाऊन त्याच्याकडून चिठ्ठी भरून घेतो. नाव, फोन, रक्कम. पैसे तिथे घेत नाहीत, नंतर येतात.

आता काय झालं ते सांगते. जागा बायपासवरचं एक गार्डन, उघडं लॉन. उघड्यावर दहाला माइक बंद करावाच लागतो हे सगळ्यांना माहीत होतं, छापलेल्या कार्यक्रमातही होतं, तरी बँड लांबला, मग लोकांनी अजून दोन गाणी मागितली, मग जेवण लागलं आणि देणगीची वेळ आली ती साडेनऊच्या पुढे, जेव्हा निम्मे लोक आइस्क्रीमच्या रांगेत होते. निवेदकाने अकरा हजारापासून सुरू केलं आणि वर चढवत नेलं. अकराला धडाधड हात वर, एकवीसला थोडे, एक्कावन्नला पाच, लाखाला दोनच. आणि सगळ्यात शेवटी जिने बोलायचं होतं, एक आई, जिचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, तिच्या हातात माइक गेला आणि दोन मिनिटांत साउंडवाल्याने बंद केला. त्याची चूक नाही, नाहीतर सामान त्याचंच जप्त होतं. ती थांबली नाही. माइक खाली ठेवून तशीच बोलत राहिली. पुढच्या तीन टेबलांना ऐकू गेलं असेल. मी तिसऱ्या टेबलाशी उभी होते म्हणून मला गेलं.

आज ऑफिसात सर म्हणाले आपलं काम संपलं, चिठ्ठ्यांचं पाकीट क्लायंटकडे पाठवून दे. मी स्वतःच घेऊन गेले. संस्थेत पूर्णवेळ एकच ताई आहेत, हिशोब त्याच बघतात, मुलांच्या रक्ताच्या तारखा त्याच लावतात, औषधं त्याच वाटतात. त्यांनी पाकीट घेतलं आणि कपाटावर ठेवलं. तिथे आधीच एक पाकीट होतं, त्यावर धूळ. मागच्या वर्षीचं. मी विचारलं हे काय, तर म्हणाल्या अगं निम्म्यांनाच फोन झाले, मग राहूनच गेलं.

मी आमचं पाकीट परत उचललं आणि म्हणाले, मी करते फोन. आता समोर ६१ चिठ्ठ्या आहेत आणि मला पैशासाठी फोन कसा करतात हेच माहीत नाही. एका चिठ्ठीवर तर फक्त "टेबल ९, निळा कोट, ५१०००" आहे, ती माझ्याच मैत्रिणीने घाईत लिहिलेली. काय बोलू? किती वाजता करू? लोक चिडतात का?


रामबागकर | १८ फेब्रुवारी, सकाळी ६.१०

बेटा, आधी शाबास. मी आमच्या गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार होतो, सत्तावीस वर्षं, वर्गणी मागण्यातच अर्धं आयुष्य गेलं असं घरचे म्हणतात. तेव्हा जे ठाऊक आहे ते सांगतो.

पहिली गोष्ट, उशीर करू नकोस. कबूल केलेला पैसा हा ताज्या दुधासारखा, आज आहे तर आहे. आठ दिवसांत फोन झाला तर माणसाला ती रात्र आठवत असते, कपडे आठवतात, कोणाशेजारी बसलो होतो ते आठवतं. महिन्यानंतर तू कोण आणि संस्था कुठली. आपल्यात म्हणतातच ना, बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी, तो भात खरा व्हायचा तर चूल गरम असतानाच.

दुसरी, पैसे मागू नकोस. त्यांनी दिलेत असंच समजून आभार मान. "काका, परवा तुम्ही एकवीस हजारांची चिठ्ठी दिलीत, माझ्याच हातात दिलीत, संस्थेच्या वतीने आभार मानायला फोन केलाय, पावती कोणाच्या नावाने करू?" बस. पावती कोणाच्या नावाने, हा प्रश्न विचारला की माणूस आपणहून विचारतो, बरं पाठवू कुठे.

तिसरी, वेळ. इंदुरात अर्धे देणगीदार दुकानदार असणार. बोहनी व्हायच्या आधी पैशाचा फोन कधीही नको, फार मनाला लावून घेतात आणि बरोबरच आहे त्यांचं. साडेबारा ते दीड चांगली वेळ, नाहीतर संध्याकाळी पाच-सहा. नोकरदाराला रात्री आठला. आणि फोन झाला की लगेच वहीत लिही, तारीख, काय म्हणाले, परत कधी करायचा. डोक्यात ठेवू नकोस.

निवेदकाने खालून सुरू केलं ही मोठी चूक झाली. वरून सुरू करायचं असतं. लाखवाला बसलेला असतो, अकराला हात वर केला की त्याचं कर्तव्य संपलं, मग तो परत हात वर करत नाही. आम्ही वर्गणीच्या यादीतसुद्धा पहिलं नाव मोठ्या आकड्याचं लिहून घ्यायचो, खालचे त्याकडे बघून लिहितात.


लष्करवाला | १८ फेब्रुवारी, सकाळी ९.४५

ग्वाल्हेरहून लिहितोय. मला हे जरा वेगळं दिसतंय, सांगतो, राग नको.

मुलगी इंटर्न आहे. स्टायपेंड किती मिळत असेल देव जाणे. कंपनीने आपले पैसे घेतले, संस्थेकडे माणूस नाही, आणि सगळ्यात कठीण काम, म्हणजे लोकांकडून पैसे काढणं, ते सगळ्यात लहान माणसावर येऊन पडलं, तेही परीक्षेच्या तोंडावर. हे चांगलं मन आहे म्हणून आपण टाळ्या वाजवतोय पण उद्या दर वर्षी कोणीतरी पोरगी पाकीट उचलेल अशीच व्यवस्था बनेल.

आणि दुसरं महत्त्वाचं. हे फोन नंबर कोणाचे? पाहुण्यांनी संस्थेला दिलेत, तुला नाही. तुझ्या स्वतःच्या फोनवरून तू लोकांना पैशाबद्दल बोलणार, उद्या कोणी म्हणालं की ही कोण, फसवणूक आहे, तर? आजकाल रोज असे फोन येतात आणि लोकांनी शंका घेतलीच पाहिजे. संस्थेकडून लेटरहेडवर पत्र घे की ही व्यक्ती आमच्या वतीने अमुक तारखेपर्यंत फोन करणार आहे. फोन संस्थेचा वापर. पैसे फक्त संस्थेच्या खात्यात, तुझ्या यूपीआयवर एक रुपया नको, कोणी कितीही घाईत असो.


रामबागकर | १८ फेब्रुवारी, सकाळी १०.३०

लष्करवाले, पत्राचं अगदी बरोबर, माझ्या डोक्यात आलं नाही. आमच्या वेळी चेहरा हेच पत्र होतं. बेटा, हे आधी कर, फोन मग.


दांडियाबाजार | १८ फेब्रुवारी, दुपारी २.०५

माहेर इंदूर, सासर बडोदा. इकडे नवरात्रात गरब्याचे पास विकून संस्थांसाठी पैसा उभा करतात, युनायटेड वेचा गरबा तर सगळ्यांना माहीत आहे. मी पाच वर्षं एका छोट्या ट्रस्टच्या गरब्यात व्हॉलंटियर होते. गरब्यात आणि तुमच्या बॉलमध्ये फरक हाच की गरब्यात पैसा दारातच आलेला असतो, पास घेतला म्हणजे दिला. तुमच्याकडे पैसा शब्दावर आहे.

पुढच्या वेळी दोन जणांना फक्त क्यूआर आणि कार्ड मशीन घेऊन फिरवा, चिठ्ठी भरली की लगेच विचारायचं आत्ता करताय की उद्या. आमच्या अनुभवाने निम्मे लोक आत्ताच म्हणतात, त्यांनाही डोक्यावर काम ठेवायचं नसतं. फक्त मोठ्या रकमा यूपीआयने साधारण लाखापर्यंतच जातात, पुढचे एनईएफटी किंवा चेक, ते आधीच सांगून ठेवा नाहीतर माणूस तीनदा प्रयत्न करतो, होत नाही, सगळ्यांसमोर ओशाळतो आणि मग विषयच सोडून देतो. मी हे डोळ्यांनी बघितलंय.

आणि त्या आईला सुरुवातीला बोलायला द्या गं. जेवणाच्या आधी. भुकेला माणूस पण ऐकतो, जेवलेला घड्याळ बघतो.


मिलचा पोरगा | १८ फेब्रुवारी, सायंकाळी ७.१५

एक विचारू का, सरळ विचारतो. फुलं, बँड, लॉन, लायटिंग, एवढा खर्च करून मदत गोळा करायची म्हणजे काय? तोच पैसा सरळ मुलांना दिला असता तर? माझे वडील इथल्या हुकुमचंद कापड मिलमध्ये होते. मिल १९९१ला बंद पडली आणि कामगारांचा पैसा मिळायला २०२३चा डिसेंबर उजाडला, तोपर्यंत कित्येक जण गेले होते. मिल बंद पडल्यावरही अनंत चतुर्दशीला कामगारांची झांकी, म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, निघायची. घरात चणचण असताना हे लोक दहा-दहा रुपये काढायचे, भोंग्याच्या वेळेला जमायचे जसा काही अजून भोंगा होतो. तिथे कोणी सूट घालून फलक वर केला नाही.


टिळकनगरची | १८ फेब्रुवारी, रात्री १०.५०

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. पत्र मिळालं, ताईंनी आजच लेटरहेडवर सही-शिक्क्यासह दिलं, आणि संस्थेचा जुना फोन पण दिला, बॅटरी दोन तास टिकते पण चालेल.

मिलचा पोरगा दादा, तुमचा प्रश्न मला पण होता म्हणून आज ताईंकडे हिशोब मागितला, त्यांनी दाखवला. लॉन आणि लायटिंग एका कंपनीने दिलं, तिचं नाव स्टेजवर होतं. आमच्या कंपनीची फी दुसऱ्या प्रायोजकाने दिली. तिकिटांचे पैसे जेवण आणि बँड यात जवळजवळ पूर्ण गेले, थोडेसेच उरले. म्हणजे संस्थेला त्या रात्रीचं म्हणून जे मिळणार आहे ते सगळं या पाकिटात आहे. फुलं सुकली, जेवण संपलं, चिठ्ठ्या राहिल्या. हे कळल्यावर मला पाकीट बॅगेत ठेवून सिटी बसने जायची पण भीती वाटायला लागली, मी आता प्रत्येक चिठ्ठीचा फोटो काढून ठेवलाय.

तुमच्या बाबांच्या झांकीबद्दल वाचून गप्प बसले थोडा वेळ.


ताळेबंद | १९ फेब्रुवारी, सकाळी ८.००

सीए आहे, विजयनगरला बसतो. फोन करायच्या आधी काही गोष्टी समजून घ्या कारण लोक विचारणारच.

८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळायची, पावती विचारतील. देणाऱ्याचा पॅन लागेल, कारण संस्थेला वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत दहा-बीडी फॉर्ममध्ये प्रत्येक देणगीदाराची ओळख भरावी लागते आणि त्यावरूनच दहा-बीई सर्टिफिकेट निघतं, त्या सर्टिफिकेटशिवाय त्यांना वजावट मिळायची पंचाईत. तुमच्या चिठ्ठीवर पॅनचा रकाना नाही असं दिसतंय, म्हणून फोनवर मागावा लागेल, आणि फोनवर अनोळखी मुलीला पॅन कोणी देऊ नये, म्हणून सांगा की संस्थेच्या ईमेलवर पाठवा. रोख दोन हजारांच्या वर घेतली तर त्यावर ८०जी नाही, म्हणजे कोणी म्हणालं दुकानावर या, अकरा हजार नगद घेऊन जा, तर त्याला हे आधी सांगा. बाकी बरेच जण आता नव्या करप्रणालीत आहेत, त्यांना ८०जीचा काही फायदा नाही, तेव्हा कर वाचेल असं स्वतःहून कोणाला सांगू नका, खोटं ठरेल.

तिकिटाच्या पैशांवर पण काही जण पावती मागतील. तिकिटाच्या बदल्यात जेवण मिळालं, ती देणगी नाही. माझा सल्ला, तिकीट वेगळं आणि देणगी वेगळी, दोन्ही एका पावतीत घालू नका. लिलावाला कोणी पैठणी किंवा चित्र दिलं असेल तर त्या वस्तूवर देणाऱ्याला ८०जी नाही, ते फक्त पैशांवर असतं.

आणि सगळ्यात नाजूक. कोणाचा मुलगा अमेरिकेत असेल आणि "तोच पाठवेल" असं म्हणाले तर थांबा. त्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर चालतं. पण तिकडचा नागरिक झाला असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं ओसीआय कार्ड असलं तरी, तो परदेशी निधी, आणि त्याला एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते, तो पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खास खात्यातच यावा लागतो. साध्या खात्यात आला तर देणारा सुटेल, संस्था अडकेल. ताईंना विचारा नोंदणी आहे का. नसेल तर नम्रपणे नको म्हणा.

३१ मार्चच्या आत खात्यात आलेलं या वर्षात धरलं जाईल. हे सांगायला हरकत नाही, खरं आहे आणि लोकांना तारीख दिली की बरं पडतं.


भंडारी पुलाजवळ | १९ फेब्रुवारी, दुपारी १.३०

मी इथे वाचतेच फक्त, लिहीत नाही. आज लिहिते.

माझा मुलगा थॅलेसेमिया मेजर आहे, चौदा वर्षांचा. तुमच्या संस्थेत जात नाही, आम्ही दुसरीकडे जातो. तुम्ही सगळे चिठ्ठ्यांबद्दल बोलताय तर त्या पैशाचं काय होतं ते सांगावंसं वाटलं.

दर तीन आठवड्यांनी रक्त. त्याच्या जन्माच्या सहाव्या महिन्यापासून. लोकांना वाटतं रक्त मिळालं की झालं, रक्त मिळतं हो, रक्त देणारे लोक इंदुरात खूप चांगले आहेत. पण दर वेळच्या रक्ताबरोबर लोह शरीरात जातं आणि ते बाहेर जायला मार्गच नसतो, ते हृदयात आणि लिव्हरमध्ये साठतं. ते काढायची गोळी रोज. रोज म्हणजे रोज, सणाला पण, ताप असला तरी डॉक्टर सांगेपर्यंत. मग फेरिटिनची, म्हणजे लोह किती साठलंय त्याची, तपासणी, रक्ताचा फिल्टर, आणि गावाहून येणाऱ्यांना बसभाडं आणि बापाची बुडालेली मजुरी. माझ्याशेजारच्या खाटेवर धारकडची एक बाई येते, तिने एकदा दोन महिने गोळी निम्मी केली होती, मुलाला नाही सांगितलं. फेरिटिन वर गेलं तेव्हा कळलं.

म्हणून तो कपाटावरचा मागच्या वर्षीचा लिफाफा वाचून मला रडू आलं. त्या ताईंना मी दोष देत नाही, मला माहीत आहे अशा ठिकाणी एकच बाई सगळं करते. पण तुम्ही उशिरा फोन केलात की पैसे उशिरा येतात आणि गोळी उशिरा चालत नाही.

अजून एक. तुम्ही सगळे तरुण वाचत असाल तर लग्नाच्या आधी एचबीएटू तपासून घ्या, आपण थॅलेसेमियाचे वाहक आहोत का ते या रक्ततपासणीत कळतं. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल थॅलेसेमिया मेजर असण्याची चारात एक शक्यता असते. आम्हाला कोणी सांगितलं नाही.


टिळकनगरची | १९ फेब्रुवारी, दुपारी १.५२

काकू, मी कॉलेजच्या कँटीनमध्ये बसून वाचलं. आज संध्याकाळी पाचला पहिला फोन करते.


नाट्यवेडा | २० फेब्रुवारी, रात्री ९.३०

नाटकाचा उल्लेख झाला म्हणून. जुलै १९२१मध्ये मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले, दोन वेगळ्या कंपन्यांचे मालक, एकमेकांचे स्पर्धक, एका रंगमंचावर उभे राहिले ते टिळक स्वराज्य फंडासाठी. संयुक्त मानापमान. पुढे तीन महिन्यांत केशवराव गेले. मदतीसाठी एक रात्र रंगवायची ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही आणि ती रात्र देखणी असावी यात वाईटही काही नाही, मिलवाल्या दादांना एवढंच सांगायचंय. इथे लालबागेत होळकरांच्या नाचघराची लाकडी जमीन स्प्रिंगांवर बसवलेली आहे, शाळेच्या सहलीत आम्ही त्यावर उड्या मारायचो आणि मास्तर ओरडायचे.

पण दादांचं पण खरं आहे. अमेरिकेत ३० जानेवारी १९३४ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या वाढदिवशी गावोगाव बॉल झाले, पोलिओच्या मदतीसाठी, त्यांना स्वतःला पोलिओ झालेला. आणि पुढे त्याच कामासाठी लोकांकडून दहा-दहा सेंटची नाणी मागितली, ती पाकिटातून थेट व्हाइट हाउसला यायला लागली. बॉलपासून नाण्यापर्यंत. आपल्याकडे अंताजी दामोदर काळ्यांनी पैसा फंड काढला, माणशी वर्षाला एक पैसा, त्यातून तळेगावला १९०८ साली काच कारखाना उभा राहिला. झांकीचे दहा रुपये त्याच जातीचे.


टिळकनगरची | २३ फेब्रुवारी, रात्री १२.१०

अपडेट देते. चार दिवसांत ३४ फोन झाले.

पहिला फोन एकवीस हजारवाल्या काकांना होता, हात इतका कापत होता की स्पीकर लावून समोर कागदावर लिहिलेलं वाचलं. "पावती कोणाच्या नावाने करू" म्हणाल्यावर ते म्हणाले, अहो मी चार दिवस वाट बघतोय, मला खातं नंबर कोणी दिलाच नाही, तुम्हीच सांगा कुठे टाकू. फोन चालू असतानाच त्यांनी पाठवले. असे एक नाही, नऊ जण निघाले ज्यांना फक्त खातं नंबर हवा होता! म्हणजे मागच्या वर्षी पण असे असतीलच ना, बिचारे वाट बघून विसरले असतील.

एक काकू म्हणाल्या फलक यांनी वर केला होता, मला विचारलं नाही, मी घरात बोलून सांगते. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला आणि रक्कम निम्मी करून दिली, आणि का निम्मी ते पण सांगितलं, घरी दुखणं आहे. मला फार बरं वाटलं की त्यांनी खोटं काही सांगितलं नाही. एका सरांनी मात्र विचारलं की हा नंबर खरा कशावरून, तर मी पत्राचा फोटो पाठवला आणि म्हणाले तुम्ही संस्थेत फोन करून विचारा, लष्करवाले काका तुमच्यामुळे वाचले मी. त्यांनी खरंच विचारलं आणि मग चेक पाठवला.

आणि एक घोळ. एका चिठ्ठीवर ५१००० वाचलं आम्ही, ते म्हणाले मी ५१०० लिहिलेत, शेवटचं शून्य तुमचंच. भांडले नाहीत, पण आवाज बदलला. चिठ्ठी बघितली तर खरंच कळत नाही, अंधारात लिहिलंय.


रामबागकर | २३ फेब्रुवारी, सकाळी ६.०५

म्हणून पावतीवर "अक्षरी रुपये" असतं बेटा. आकडा खोटं बोलू शकतो, अक्षर नाही. त्यांचे ५१०० धर, आभार मान आणि माफी माग. शंकेचा फायदा नेहमी देणाऱ्याला.


लष्करवाला | २३ फेब्रुवारी, सकाळी ११.००

माझं मत कायम आहे की हे काम पगारी माणसाचं आहे. पण चांगलं करतीयेस. मागच्या वर्षीच्या पाकिटाचं काय?


टिळकनगरची | २३ फेब्रुवारी, दुपारी ४.२०

तेच विचारलं ताईंना. तिथे फोन करायचा तर आता काय तोंडाने करू. रामबागकर काका?


रामबागकर | २३ फेब्रुवारी, सायंकाळी ६.४०

पैशासाठी करू नकोस. माफीसाठी कर. "मागच्या वर्षी आपण चिठ्ठी दिलीत, आमच्याकडून आभार मानायचे राहिले." एवढंच बोल आणि थांब. पुढचं त्यांच्यावर.


दांडियाबाजार | २४ फेब्रुवारी, सकाळी ९.१०

टेबल ९ निळा कोट सापडला का??


टिळकनगरची | ३० मार्च, सकाळी ११.३५

सगळ्यांना पाडव्याच्या शुभेच्छा! परीक्षा चालू होत्या म्हणून इतके दिवस आले नाही, मध्ये रंगपंचमीच्या आसपास तर कोणी फोनच उचलत नव्हतं, सगळे गेरमध्ये, रंगांच्या मिरवणुकीत.

निळा कोट सापडला. फोटोग्राफरकडून टेबल ९चे सगळे फोटो मागवले, निळे कोट तीन निघाले. मग त्याच टेबलावरच्या एका काकूंना फोटो दाखवला, त्यांनी ओळखलं. ते खंडव्याचे, लग्नाला आले होते आणि कोणाबरोबर तरी इकडे आले. त्यांना फोन केला तर म्हणाले मी तीनदा यूपीआयने प्रयत्न केला, क्यूआर स्टेजवर इतका लांब होता की स्कॅनच झाला नाही. परवा एनईएफटी आला.

हिशोब असा आहे. ६१पैकी ४३ आले, पूर्ण किंवा थोडे कमी. ११ जण नाही म्हणाले, त्यातल्या बहुतेकांनी नीट कारण सांगितलं. ७ जणांचा पत्ता लागला नाही, नंबर चुकीचा किंवा उचलतच नाहीत. एक काका अमेरिकेतल्या मुलाकडून पाठवतो म्हणाले, मुलगा तिकडचा नागरिक, संस्थेची एफसीआरए नोंदणी नाही, म्हणून ताळेबंद काकांनी सांगितल्याप्रमाणे नको म्हणाले, तर त्यांनी स्वतःच्या पेन्शनमधून थोडे दिले, ते ४३मध्ये आहेत.

पुढच्या तीन टेबलांवर, जिथे त्या आईचं बोलणं माइकशिवाय ऐकू गेलं, १६ चिठ्ठ्या होत्या. त्यातल्या १५ आल्या. मी हे दोनदा मोजलं. दांडियाबाजार काकू, तुमचं म्हणणं मी सरांना सांगितलं आणि त्यांनी पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात तिचं बोलणं जेवणाच्या आधी, साडेसातला लिहून घेतलंय.

मागच्या वर्षीच्या पाकिटातून १९ जणांना माफीचे फोन केले. पाच जणांनी पाठवले. एक आजोबा वारले होते, त्यांच्या सूनबाईंनी फोन घेतला, म्हणाल्या बाबा विचारायचे, त्या मुलांच्या लोकांचा फोन आला का. मला पुढे बोलता आलं नाही. त्यांनीच विचारलं, पावती बाबांच्या नावाने होईल का.

भंडारी पुलाजवळच्या काकू, ताईंनी सांगितलंय की जूनपर्यंतच्या गोळ्यांची ऑर्डर गेली. जूननंतरचं अजून बघायचंय.

मी इंटर्नशिप संपली तरी शनिवारी जाणार आहे तिथे, लष्करवाले काका ओरडू नका, ताईंनी मानधनाचं पण कमिटीत मांडलंय. आता नवीन चिठ्ठी बनवतीये, बघून सांगा: वर छापील अनुक्रमांक, नाव, टेबल नंबर, फोन, ईमेल, रक्कम आकड्यात, रक्कम अक्षरी, आत्ता की नंतर, पावती कोणाच्या नावाने, सही. पॅन चिठ्ठीवर नको, ईमेलवर. खाली संस्थेचं खातं आणि क्यूआर, तो भाग फाडून देणाऱ्याकडे राहील.


ताळेबंद | ३० मार्च, दुपारी १२.१५

उत्तम. एक सांगतो, तारीख राहिली. आणि उद्या ३१, ज्यांनी "करतो" म्हटलंय त्यांना आजच आठवण करा, उद्या बँकांवर ताण असतो.


मिलचा पोरगा | ३० मार्च, दुपारी १२.४०

ताई, संस्थेचा खातं नंबर मला पण पाठवा मेसेजमध्ये. आमच्या झांकीच्या जुन्या ग्रुपवर टाकतो. दहा-वीस रुपयेवाले आहोत, पावती नसली तरी चालेल.


टिळकनगरची | ३० मार्च, दुपारी १२.४८

दादा, पावती दहा रुपयांची पण होईल.


रामबागकर | ३० मार्च, दुपारी ४.००

चिठ्ठी छान झालीय. कार्बनची दुसरी प्रत संस्थेकडे राहील अशी बांधून घे, सुटे कागद नकोत, पाकिटात हरवतात. पन्नास पानांचं पुस्तक, मध्ये पुठ्ठा. आणि कार्बन पेपर निळा घे, काळा नको, काळा हाताला लागतो आणि मग पाहुण्यांच्या कपड्यांना.